नर्सरीतली कामं 'किती शिकावं लागतं' यावरून कशी लावायची? मजुरी ठरवायची आहे

आंबेवाली_गुहागर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे पण वाचा प्लीज, मला खरंच उत्तर हवंय.

गुहागर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि गेली अकरा वर्षं कोय कलमांची नर्सरी. पावसात १४-१५ माणसं कामावर असतात, बहुतेक बायकाच. ह्या जुलैत ऐन हंगामात आमची सगळ्यात चांगली कलम बांधणारी बाई सोडून दुसऱ्या नर्सरीत गेली. भांडण वगैरे काही नाही. जाताना एवढंच म्हणाली, वहिनी, पिशव्या भरणारीला जेवढे तेवढेच मला, मग मी एवढं शिकून काय केलं? त्या रात्री मला झोप नाही आली कारण ती बरोबर बोलत होती.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जूनमध्ये रायवळच्या, म्हणजे गावठी आंब्याच्या, कोयी रुजत घालायच्या, दहा-पंधरा दिवसांत तांबूस पानांचा कोंब वर येतो, तो कोवळा आहे तोवरच कोयीपासून बोटभर उंचीवर छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची, मग हापूसच्या चांगल्या झाडावरची तीन-चार महिन्यांची काडी, जिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटून ठेवलेली असतात, तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट गुंडाळायची. सांगायला एक वाक्य आहे. पण काडी आणि कोंब सारख्या जाडीचे हवेत, पाचर एका फटक्यात सपाट व्हायला हवी, साल सालीला भिडायला हवी, आणि हे सगळं सुकायच्या आत. ह्या बाईच्या हातची शंभरातली नव्वद जगतात, नवीन बाईची पहिल्या वर्षी निम्मी गेली तरी मी काही बोलत नाही.

आणि कागदावर कलम बांधणारी आणि पिशव्या भरणारी दोघी 'अकुशल'. बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट केला तेव्हा करून देणाऱ्यानं सगळ्यांपुढे तेच लिहिलं, मी विचारलं तर म्हणे शिक्षण किती, सातवी, मग झालं.

तर विचारायचंय असं की कुठलं काम किती शिकून येतं, त्याला किती जाण लागते, हे ठरवायची काही धड पद्धत आहे का? शिक्षणाच्या सर्टिफिकेटवरून सोडून. मला पुढच्या मृगाच्या आधी चार दर ठरवायचेत आणि ते बायकांना समजावून सांगता आले पाहिजेत.

चिरेखाण

एवढा विचार कशाला ताई, नगावर द्या ना. जी जास्त बांधेल ती जास्त घेईल.

आंबेवाली_गुहागर

दादा, केलंय ते एक वर्ष. आकडा वाढला आणि मर वाढली. पट्टी घाईत गुंडाळली की आत पाणी जातं, आणि कलम लागलं की नाही हे कळायला तीन-चार आठवडे जातात, तोवर पैसे देऊन झालेले असतात. जगलेल्या नगावर द्यावं तर पावसाची उघडीप पडली, सावलीची जाळी फाटली, तर दोष तिचा नसतो.

आकडेमोड

मी बरीच वर्षं घरोघरी जाऊन रोजगाराच्या पाहणीचं काम केलंय, तिथे प्रत्येक माणसाच्या धंद्याला कोड द्यावा लागतो, म्हणून लिहितो. तुमच्या रिपोर्टवाल्यानं दोन गोष्टींची सरमिसळ केली आहे. वर्गीकरण कामाचं असतं, माणसाचं नाही. एम.ए. झालेला मुलगा पिशव्या भरत असेल तर ते काम पिशव्या भरण्याचंच राहतं, आणि सातवी झालेली बाई कलम बांधत असेल तर ते काम कलम बांधण्याचं.

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची धंद्यांची एक यादी आहे, सध्याची २००८ ची, आणि आपल्या केंद्र सरकारची २०१५ ची राष्ट्रीय यादी तिच्याच चौकटीवर बसवलेली आहे. त्यात कामाच्या चार पातळ्या धरतात. पहिली पातळी म्हणजे साधी, ठरावीक, बहुतेक अंगमेहनतीची कामं. दुसरीत यंत्र चालवणारे, कारागीर, शेतकरी, मच्छीमार, दुकानदार, क्लार्क. तिसरीत तंत्रज्ञ, चौथीत डॉक्टर, इंजिनीअर, शिक्षक असे. पातळी ठरवताना तीन गोष्टी बघतात: कामाचं स्वरूप काय, त्याला साधारण किती शालेय शिक्षण लागतं, आणि कामावर राहून किती शिकावं लागतं. यात पहिला मान कामाच्या स्वरूपाला आहे. शाळा न शिकता अनुभवानं आलेलं कौशल्य तिथे चालतं, हे लोकांना माहीतच नसतं.

आता तुमच्या कामाचं बघा. त्या यादीत रोपवाटिकेत झाडं तयार करणाऱ्यांचा गट आहे ६११३, दुसऱ्या पातळीवर. आणि बागेत-नर्सरीत माती उकरणं, कुंड्या भरणं, पाणी घालणं, तण काढणं असली कामं करणाऱ्यांचा गट आहे ९२१४, पहिल्या पातळीवर. म्हणजे तुमच्या त्या दोघींना जगाच्या यादीनं आधीच वेगळं केलंय, पहिल्या आकड्यापासून वेगळं. बँकेच्या कागदावर हे खुशाल लिहा.

घोळ कुठून आला तेही सांगतो. आपल्याकडच्या २००४ च्या यादीत ह्याच चार पातळ्या शाळेच्या वर्षांनी बांधल्या होत्या, १० वर्षांपर्यंत पहिली, ११ ते १३ दुसरी, १४-१५ तिसरी आणि त्याच्यावर चौथी. पहिलीच्या व्याख्येत 'अनौपचारिक कौशल्य' असाही शब्द होता, पण डोक्यात राहिली ती वर्षंच. ऑफिसात अजून तोच हिशोब चालतो.

पण ताई, तुम्हाला चार दर हवेत ते ह्या यादीतून मिळणार नाहीत. ती मोजणीसाठी केलेली आहे, देशात कुठल्या प्रकारचे किती लोक आहेत हे कळावं म्हणून. एका पातळीत ती फार माणसं कोंबते. तुमची कलमवाली आणि मासेमारी करणारा दोघं दुसऱ्या पातळीवर, पुढे काही फोड नाही.

तुमच्या उपयोगाची गोष्ट अमेरिकेच्या कामगार खात्याच्या जुन्या धंदेकोशात आहे. १९३९ पासूनचा कोश तो, नंतर बंद करून त्याजागी कॉम्प्युटरवरचा नवीन आणला. त्यात दोन मापं वेगळी ठेवली होती. एक, साधारण वाचन-गणित-विचार किती लागतो. दुसरं, हे ठरावीक काम सरासरी माणसाला सरासरी नीट जमेपर्यंत किती काळ लागतो, मग तो काळ वर्गात गेला असो, उमेदवारीत असो की कामावरच असो. ह्या दुसऱ्याच्या नऊ पायऱ्या होत्या. पहिली म्हणजे नुसतं एकदा करून दाखवलं की झालं. दुसरी महिन्यापर्यंत. तिसरी तीन महिन्यांपर्यंत, चौथी सहा, पाचवी वर्षापर्यंत, सहावी दोन वर्षं, सातवी चार, आठवी दहा, आणि नववी दहा वर्षांच्या वर. शाळेचं साधारण शिक्षण यात धरायचंच नाही. तुम्ही फक्त हे दुसरं माप उचला. प्रत्येक कामापुढे लिहा, नवीन बाईला हे जमायला किती वेळ लागला, आणि अकरा वर्षांचा अनुभव आहे तर तुम्हाला ते माहीत असणारच.

दर्यावर्दी_हर्णै

आकडेमोड दादांनी मासेमारीचा विषय काढला म्हणून लिहितोय. माझे वडील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान होते, मी स्वतः मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर. त्या यादीत मी तिसऱ्या पातळीवर आणि बाबा दुसऱ्या. मला कधी ते पटलं नाही पण नुसतं भावनेनं बोलून उपयोग नाही, म्हणून मी बसून विचार केला की फरक नक्की कशात आहे.

मी जे शिकलो ते १९७८ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे ठरलेलं आहे, परीक्षा आहे, सर्टिफिकेट आहे, आणि कोचीला चालतं ते रॉटरडॅमला चालतं. बाबांचं ज्ञान हर्णै ते जयगड एवढ्या पाण्यातलं. पण त्या पाण्यात ते किती होतं! भरतीची वेळ काढायचं गणित तर कोणीही शिकतो, तिथीला पाऊणने गुणायचं, अष्टमी असेल तर आठाची पाऊणकी सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. हे एका तासात येतं. पण हे गणित आमच्या खाडीच्या तोंडाशी किती पुढेमागे होतं, उधाणाला पाणी कुठल्या वाळूवरून फिरतं, मतलई वारा सुटला की किती वाव खोल पाण्यात जाळी टाकायची, हे यायला त्यांना बारा-पंधरा वर्षं गेली असं ते स्वतः सांगायचे. त्या नऊ पायऱ्यांत ते सरळ नवव्या पायरीवर बसतात आणि मी आठव्या.

आता ताईंसाठी मुद्दा. आमच्याकडे कोणी यादी केली नव्हती तरी वर्गीकरण होतंच. बाबांच्या वेळी आमच्या बोटीवर डिझेल-बर्फ-रेशन वजा जाऊन मालकाचा भाग काढला की उरलेल्यात खलाशाला एक वाटा, इंजिनवाल्याला दीड आणि तांडेलाला दोन. कोणाला समजवायची गरज पडली नाही, कारण तांडेल चुकला तर सगळ्यांची फेरी फुकट जाते हे खलाशाला डोळ्यासमोर दिसायचं. म्हणून दर सांगताना 'हिला जास्त येतं' असं सांगू नका, लोक दुखावतात. हिच्या चुकीनं किती नुकसान होतं ते सांगा.

आणि अजून एक, हे दर दगडावर कोरू नका. जीपीएस आणि फिश फाइंडर आल्यावर डोंगराच्या, देवळाच्या खुणा जुळवून जागा धरायचं ज्ञान मागे पडलं, हैदराबादहून पाण्याचं तापमान बघून मासळीच्या जागांचा अंदाज मोबाईलवर यायला लागला, आता नवीन पोरगा चार-पाच वर्षांत तांडेल होतो. वाटे मात्र तेच राहिले. अवजार बदललं की शिकायचा काळ बदलतो, दर दोन-तीन वर्षांनी परत बघायला हवं.

काजूबी_वेंगुर्ला

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी जेवण चुलीवर ठेवून लिहायला बसले.

मी सोळा वर्षं काजूच्या कारखान्यात आहे, आधी सोलायला, मग चेकिंगला. चेकिंग म्हणजे गराची प्रत लावणं. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० हे तुम्ही डब्यावर वाचता ना, त्याचा अर्थ एका पौंडात तेवढे अख्खे गर. ३२० नंबरात एका पौंडाला ३०० ते ३२० बसले पाहिजेत. आम्ही काही मोजत नाही, नजरेनं टाकतो. शिवाय करपलेला वेगळा, फाक वेगळी, तुकडा मोठा वेगळा, बारीक वेगळा, हे सगळं ताटात हात फिरता फिरता. मला हे नीट यायला आठ महिने लागले आणि तोवर माझा हात चालायचा पण नजर चालत नव्हती.

आणि साहेब पाहुण्यांना काय सांगतो? बायकांचा हात मुळातच हलका असतो म्हणून हे काम त्यांना देतो. माका ह्या ऐकान दरवेळी राग येता. मुळात काही नव्हतं, मी शिकले! मशीन फिरवणाऱ्या पुरुषाला शिकायला पंधरा दिवस लागले आणि तो कुशल, कारण त्याच्यापुढे मशीन आहे. बायकांनी शिकून घेतलेलं काम जन्मजात म्हणून मोडीत काढतात, मग ते कुठल्याच यादीत शिकणं म्हणून येत नाही. समान कामाला समान मोबदला हा आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा, आपल्या देशानं तो १९५८ मध्ये मान्य केला, त्यात 'समान मोलाचं काम' असे शब्द आहेत. मोल कोण ठरवतं ते बघा.

तुमच्या नर्सरीत तुम्ही ठरवताय, म्हणून एक विनंती. किती काळ लागतो हे तुमच्या आठवणीनं लिहू नका. त्या बायकांना विचारा. मालकाला वाटतं आठ दिवसांत आलं. तिला विचारलंत तर ती सांगेल की पहिल्या वर्षी रोज घरी जाऊन शेवग्याच्या काड्यांवर पाचर तासून बघायची.

कृषी_सहायक_निवृत्त

काजूबी यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझी नोकरी गेली सगळी दापोली-मंडणगड भागात, दापोलीच्या विद्यापीठाच्या कलमांच्या प्रशिक्षणांना शेकडो लोक पाठवले. पूर्वी भेट कलम करायचे, मातृवृक्षाजवळ मांडव घालून कुंड्या टांगायच्या, महिनेच्या महिने जायचे. कोय कलम आलं आणि काम स्वस्त झालं, पण हाताचं कसब वाढलं.

शिकण्याचा काळ मोजताना शेतीत एक अडचण येते जी कारखान्यात येत नाही. कोय कलमाचा हंगाम दोन महिन्यांचा. समजा एखादी बाई दोन हंगामांत तयार झाली, तर तो काळ चार महिने धरायचा की दोन वर्षं? माझं मत, दोन वर्षं. मधले दहा महिने हात विसरतो आणि पुढच्या जूनला निम्म्यावरून सुरुवात होते. शिवाय ती बाई गेली तर तुम्हाला बदली माणूस चार महिन्यांत मिळत नाही, दोन पावसाळे थांबावं लागतं. तुम्हाला जुलैत तेच झालं.

दुसरं म्हणजे चूक किती उशिरा कळते. पिशवीत माती कमी भरली तर लगेच दिसतं, कोणीही सुधारतं. पट्टी सैल बांधली तर तीन-चार आठवड्यांनी कळतं. काडी चुकीच्या झाडावरची घेतली, किंवा दोन झाडांच्या काड्यांच्या जुड्या एकत्र झाल्या, तर ते कळतं पाच वर्षांनी, शेतकऱ्याच्या बागेत फळ लागल्यावर. तेव्हा कोणाची चूक हे सुद्धा सापडत नाही. जिथे चूक उशिरा कळते तिथे चुकांमधून शिकताच येत नाही, आधीच कोणाकडून तरी शिकलेलं असावं लागतं. म्हणून माझ्या लेखी नर्सरीतलं सगळ्यात जाणकारीचं काम कलम बांधणं नाहीच, काडी निवडणं आहे. कुठलं झाड दरवर्षी धरतं, कुठल्या झाडाच्या फळात साका, म्हणजे गरातला खराब भाग, जास्त निघतो, कुठल्या फांदीचा डोळा फुगीर आहे पण अजून फुटलेला नाही. ते काम तुमच्याकडे कोण करतं?

आंबेवाली_गुहागर

काका, ते काम सासूबाई करतात, ७१ वर्षांच्या आहेत. आणि त्यांच्याबरोबर काड्या गोळा करायला ती सोडून गेलेली बाईच जायची, गेली सहा वर्षं. तुमचा प्रश्न वाचेपर्यंत हे मी कामात धरलंच नव्हतं. मला वाटायचं ती नुसती जुड्या उचलते.

दर्यावर्दी_हर्णै

ताई, म्हणजे तुमचा तांडेल गेला.

आकडेमोड

अजून एक राहिलं. दर फक्त शिकण्यावर लावू नका. काढणीच्या वेळी झेला घेऊन उंच झाडावर चढणारा गडी असेल, त्याला चढायला शिकणं एक गोष्ट आणि पडायची भीती दुसरी. कामाचं मोल काढताना कसब, कष्ट, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती अशी चार खाती धरायचा रिवाज आहे. धोक्याचे पैसे शिकण्याच्या खात्यात घातलेत की दोन्ही हिशोब बिघडतात, त्याला वेगळा भत्ता द्या.

आंबेवाली_गुहागर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दहा दिवस गेले मध्ये. काजूबींनी सांगितलं तसं मी प्रत्येकीला विचारलं, वही घेऊन बसले. जे निघालं ते असं.

पिशव्या भरणं, पाणी, तण, ही कामं एका दिवसात येतात, बायकाही तेच म्हणाल्या, कोणाला वाईट वाटलं नाही. पट्टी सोडणं आणि कलमाच्या खालून येणारे रायवळचे फुटवे काढणं याला मी दोन दिवस धरले होते, त्यांनी पंधरा दिवस सांगितले, कारण नवीन बाई हमखास हापूसचाच फुटवा खुडते. कोयी रुजवून कोंब कुठला घ्यायचा कुठला टाकायचा हे एका हंगामाचं. कलम बांधणं सगळ्यांनी दोन पावसाळे सांगितलं, एकीनं तीन. काडी निवडण्याबद्दल बोलायला सासूबाई सोडून कोणीच नव्हतं. त्या म्हणाल्या मला अजून दर वर्षी एखादं झाड फसवतं.

म्हणजे चारच्या जागी पाच दर झाले. चढणाऱ्या गड्याला भत्ता वेगळा. दर भिंतीवर लावणार आहे, पुढे शिकायचा काळ लिहून, म्हणजे कोणाला वरच्या दराला जायचं असेल तर किती पावसाळे लागतील ते दिसेल.

काल त्या सोडून गेलेल्या बाईंच्या घरी जाऊन आले. काडी निवडायचा दर सांगितला तर आधी बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या की ह्या वर्षी तिकडे शब्द दिलाय, तो मोडणार नाही, पुढच्या मृगाला येते. आणि भाचीला घेऊन येणार आहेत शिकायला. आता मला हे अडलंय, शिकणाऱ्या मुलीला पहिल्या पावसाळ्यात कुठला दर लावायचा? तिची निम्मी कलमं जाणार.

काजूबी_वेंगुर्ला

पिशव्यांचा दर तिला पूर्ण द्या गो, त्याच्या खाली नको, घरी परत पाठवतील नायतर. आणि जी शिकवणार तिची स्वतःची कलमं त्या दोन महिन्यांत कमी होणार, ते तिच्या मजुरीतून कापू नका. आमच्याकडे कापायचे, म्हणून कोणी कोणाला नीट शिकवायचं नाही.

आंबेवाली_गुहागर

शिकवणारीचा मुद्दा सुचलाच नव्हता. वहीत लिहिला, सहावी ओळ.